बाहुल्या परक्या हे खरे, पण उपाय बडोद्यातच आहे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत अलीकडे एका ज्येष्ठ वाचकांनी, मोठ्या वयाची माणसे बाहुल्या जमवतात आणि त्यांची छायाचित्रे काढत बसतात, या प्रकाराविषयी नाराजी व्यक्त केली होती. हा पोरकटपणा आहे, पैशाची नासाडी आहे आणि शिवाय सगळे परदेशी खूळ आहे, असे त्यांचे तीन आक्षेप होते. बालपुस्तकांतल्या आणि मुलांच्या चित्रपटांतल्या पात्रांच्या बाहुल्या मी अनेक वर्षे जमवत आले आहे, त्यांची छायाचित्रेही काढते, त्यामुळे त्या पत्राला उत्तर देणे मला भाग आहे. पहिले दोन आक्षेप मला मान्य नाहीत. तिसरा मात्र बराचसा मान्य आहे, आणि त्यावरचा उपाय आपल्या बडोद्यातच, मांडवीपासून हाकेच्या अंतरावर आहे असे वाटत असल्यामुळे जरा विस्ताराने लिहीत आहे.

आम्ही जमवतो त्या बाहुल्या म्हणजे दुकानात दिसेल ती बाहुली नव्हे. ज्या पात्राची ओळख आधी पुस्तकातून किंवा पडद्यावरून झाली आहे, त्याच पात्राची बाहुली आम्हांला हवी असते. हा प्रकार फार नवा नाही. बिॲट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेचे पीटर नावाच्या सशाच्या गोष्टीचे पुस्तक १९०२ साली बाजारात आले आणि पुढच्याच वर्षी तिने त्या सशाची बाहुली तयार करून पेटंट कार्यालयात तिची रीतसर नोंद केली. अमेरिकेत जॉनी ग्रूएल या चित्रकाराच्या बाबतीत क्रम उलटा झाला. त्याच्या चिंध्यांच्या बाहुलीच्या आराखड्याला १९१५ मध्ये पेटंट मिळाले आणि तिच्या गोष्टींचे पुस्तक १९१८ मध्ये निघाले. म्हणजे पुस्तक आणि बाहुली ही जोडी शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि ती जमवण्यात लिहिणाऱ्यांचा व चित्रे काढणाऱ्यांचा स्वतःचा हात होता. मोठ्या कंपन्या मागाहून आल्या.

कधी कधी तर बाहुली करणाऱ्याची अडचण पात्राच्या अंगाला कायमची चिकटते. मायकेल बाँड यांचे पॅडिंग्टन नावाचे अस्वल १९५८ मध्ये पुस्तकात आले. १९७२ च्या सुमारास शर्ली क्लार्कसन या बाईंनी इंग्लंडमध्ये त्याची बाहुली विकायला काढली, तेव्हा ते मऊ कापडी अस्वल आपल्या पायांवर उभे राहीना, म्हणून त्यांनी त्याला लहान मुलांचे गमबूट घातले. पुस्तकात त्याला बूट मिळाले होते खरे, पण आज पॅडिंग्टन म्हटले की हॅट आणि कोटाच्या बरोबरीने गमबूट डोळ्यांपुढे येतात, याचे बरेचसे श्रेय त्या उभ्या न राहणाऱ्या बाहुलीला आहे.

या छंदातला खरा रस पुस्तकातले पात्र आणि पडद्यावरचे पात्र यांच्यातला फरक ओळखण्यात आहे. ओझच्या जादूगाराच्या गोष्टीतली डोरोथी घ्या. फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या पुस्तकात तिला मिळणारे बूट चांदीचे आहेत. १९३९ च्या चित्रपटात ते माणकासारखे लाल झाले, कारण टेक्निकलर पद्धतीच्या रंगीत पडद्यावर पिवळ्या विटांच्या रस्त्यावर लाल रंग उठून दिसणार होता. त्यामुळे डोरोथीची बाहुली हाती आली की आम्ही आधी तिचे पाय पाहतो. लाल बूट असतील तर ती चित्रपटाची, रुपेरी असतील तर पुस्तकाची. इतक्या साध्या खुणेवरून बाहुली करणाऱ्याने पुस्तक उघडले होते की नुसता चित्रपट पाहिला होता, हे कळते. ॲलिसचेही तसेच. जॉन टेनियल यांनी १८६५ मध्ये काढलेली तिची चित्रे काळ्या-पांढऱ्या रेघांची होती, म्हणजे झग्याला रंगच नव्हता. पुढे अगदी लहान मुलांसाठी १८९० साली जी रंगीत आवृत्ती निघाली तिच्यात ॲलिसचा झगा पिवळा आहे. आज मात्र ॲलिस निळ्या झग्याशिवाय कोणाला ओळखू येत नाही, आणि ती सवय जगभर पक्की केली ती मुख्यतः १९५१ च्या डिस्नेपटाने. माझ्या कपाटात एक पिवळ्या झग्याची ॲलिस आहे. घरी येणारी लहान मुले ‘ही कोण?’ म्हणून विचारतात, आणि मग पुस्तक काढून दाखवावेच लागते.

हे सांगण्याचा हेतू एवढाच की बाहुली निवडताना पुस्तक पुन्हा वाचावे लागते, चित्रे निरखावी लागतात, आवृत्त्यांची तुलना करावी लागते. नेमक्या याच गोष्टी एखाद्याने जुन्या नाण्यांच्या किंवा पोथ्यांच्या बाबतीत केल्या तर आपण त्याला अभ्यासक म्हणतो. शिवाय मोठ्यांनी बाहुल्यांशी खेळू नये हा नियम आपल्याच घरांत कधी पाळला गेला नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आरास मांडताना खेळणी आणि बाहुल्या कोण मांडते? आमच्या गुजराती शेजारणी लालजींसाठी, म्हणजे देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासाठी, ऋतुमानाप्रमाणे वाघे (मूर्तीचे कपडे) शिवतात, थंडीत लोकरीचे आणि उन्हाळ्यात मलमलीचे. तेथे भक्तिभाव आहे आणि आमच्या कपाटात तो नाही, हे मला मान्य आहे, पण बोटभर लांबीच्या बाहीला अस्तर लावण्याचे कसब दोन्हीकडे एकच आहे. बाहुलीच्या झग्यासाठी अरुंद लेस, बारीक टिकल्या आणि मोहरीएवढे मणी हवे असले की मीही त्या वाघ्यांच्याच दुकानात जाते, कारण इतके लहान माप दुसरीकडे मिळत नाही.

आता छायाचित्रणाविषयी, कारण ज्येष्ठ वाचकांचा सर्वांत जास्त राग त्यावर होता. बाहुलीचे छायाचित्र काढणे हे माणसाचे छायाचित्र काढण्याहून अवघड आहे, हे प्रत्यक्ष केल्याशिवाय पटत नाही. बार्बीच्या मापाची बाहुली साडेअकरा इंचांची, म्हणजे माणसाच्या साधारण एकषष्ठांश असते. कॅमेरा इतक्या जवळ नेला की स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद होतो. नाक स्वच्छ येते आणि कान धूसर होतात, आणि पाहणाऱ्याला ताबडतोब कळते की ही वस्तू वीतभर आहे. ती खऱ्या मुलीएवढी वाटायला हवी असेल तर भिंगाचे छिद्र लहान करून, कॅमेरा तिपाईवर ठेवून, जास्त वेळ उजेड घ्यावा लागतो. मोबाईलमधली पोर्ट्रेट सोय येथे फारशी उपयोगी पडत नाही. ती पार्श्वभूमी धूसर करण्याच्या नादात बाहुलीच्या मोकळ्या केसांच्या कडा कापून टाकते. आणखी एक गोष्ट अशी की माणसे उभ्याने, वरून खाली फोटो काढतात. कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर आणण्यासाठी जमिनीवर पोटावर आडवे व्हावे लागते, आणि सयाजीबागेत सकाळी फिरायला आलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर त्यामुळे काय उमटते ते मी येथे लिहीत नाही.

प्लॅस्टिकचा चेहरा उन्हात तुपकट चकाकतो, म्हणून बडोद्याच्या दुपारी बाहुली बाहेर काढण्यात अर्थ नसतो. सकाळचे कोवळे ऊन, नाहीतर खिडकीवर ट्रेसिंग पेपर लावून मंद केलेला उजेड, हेच चालते. डोळे रंगवलेले असतील तर त्यांत प्रकाशाचा ठिपका रंगानेच दिलेला असतो, आणि खरा उजेड विरुद्ध बाजूने आला तर चेहरा कुठेतरी खोटा वाटू लागतो. उजेडाची बाजू त्या रंगवलेल्या ठिपक्याकडे पाहून ठरवावी लागते. कापडाचेही तसेच असते. जाड विणीच्या सुताचा झगा फोटोत गोणपाटासारखा दिसतो, म्हणून मलमल बरी. आणि पानाफुलांचे माप हा तर डोकेदुखीचा विषय आहे, कारण आंब्याचे एक पान बाहुलीच्या छातीपर्यंत येते. यावर मला उपाय सापडला तो दिवाळीच्या किल्ल्यात. किल्ल्यावर आपण हळीव किंवा मोहरी पेरतो, तशी ती ताटलीत पेरली की चार-पाच दिवसांत बोट-दीड बोट उंचीचे कुरण उगवते, आणि एकषष्ठांश मापाच्या मुलीला ते बरोबर गुडघ्यापर्यंत येते. पावसाळ्यात जुन्या वाड्यांच्या भिंतींवर धरणारे शेवाळ हे दुसरे. स्वित्झर्लंडमधल्या हायडीची डोंगरउतारावरची छायाचित्रे मी अशा हळिवात काढली आहेत, आणि पाहणाऱ्यांनी आल्प्सच्या कुरणाबद्दल शंका घेतलेली नाही.

बाहेर जाऊन फोटो काढायचे तर काही पथ्ये पाळावी लागतात. चांपानेरला नुसता कॅमेरा चालतो, पण तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते. विश्वामित्रीच्या काठावर पीटर पॅनच्या गोष्टीतली मगर आणि कॅप्टन हुक यांना मांडण्याचा मोह मला दर वर्षी होतो, परंतु त्या नदीत खऱ्या मगरी आहेत आणि त्यांना गोष्ट ठाऊक नाही. तेव्हा तो प्रसंग गच्चीवरच उरकलेला बरा.

पैशाच्या नासाडीबद्दल थोडक्यात. परदेशी बनावटीच्या बाहुल्या महाग पडतात हे खरे आहे. खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्यामुळे पुष्कळसा संग्रह जुन्या बाजारातून, घर बदलणाऱ्या ओळखीच्यांकडून, आपसांत देवघेव करून होतो. जुन्या मालाच्या बाबतीत नवशिक्यांना एक सूचना करावीशी वाटते. बार्बीच्या पाठीवर कोरलेले १९६६ हे साल पाहून विक्रेते ‘साठ वर्षांपूर्वीची बाहुली’ म्हणून वाटेल ती किंमत सांगतात. ते साल शरीराच्या साच्याच्या हक्काचे असते. त्याच साच्यातून पुढे कित्येक वर्षे बाहुल्या निघाल्या, त्यामुळे ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या बाहुलीच्या पाठीवरही १९६६ च असते. वय ठरवायचे तर चेहऱ्याचा साचा, डोळ्यांची रंगवण आणि कपड्यावरची चिठ्ठी पाहावी.

जतन करण्याचा खर्च मात्र फारसा नाही, काळजी लागते. मऊ प्लॅस्टिकमध्ये मिसळलेले द्रव्य वर्षानुवर्षांनी पृष्ठभागावर येते आणि बाहुलीचे हातपाय चिकट होतात. उष्णतेने ते लवकर होते, आणि आपल्याकडचा मे महिना आपण सगळे जाणतोच. जुन्या बाहुल्यांच्या कानांतली धातूची कर्णफुले तशीच ठेवली तर भोवतालचे प्लॅस्टिक हिरवे पडते, म्हणून ती काढून वेगळी ठेवावीत. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपली जुनी सवय कापडी बाहुलीलाही फारशी मानवत नाही आणि काही जातींच्या प्लॅस्टिकला तर ती अपायकारकच आहे. केसांना रबर बँड बांधून ठेवू नये, तो वितळून डाग पाडतो. जे लोक बाहुली डब्यातून बाहेरच काढत नाहीत आणि डब्याचे सील शाबूत असल्याची फुशारकी मारतात, त्यांच्याशी माझे पटत नाही. बंद डब्यातही प्लॅस्टिक चिकटायचे ते चिकटतेच, आणि अशा बाहुलीचा ना खेळ होतो, ना फोटो.

आता तिसरा आक्षेप. माझ्या कपाटात डोरोथी आहे, ॲलिस आहे, हायडी आहे, पॅडिंग्टन आहे. मराठी पात्र एकही नाही. ज्येष्ठ वाचकांनी नेमके येथे बोट ठेवले आहे, आणि त्याचे कारण आवडीनिवडीत नसून बाजारात आहे. छोटा भीम दूरचित्रवाणीवर आला, त्याची खेळणी मिळू लागली. पण वाचून वाढवलेल्या पात्रांच्या, म्हणजे फास्टर फेणेच्या, गोट्याच्या, श्यामच्या बाहुल्या मी दुकानात कधी पाहिल्या नाहीत. आमच्या गुजराती मित्रमंडळींची तक्रारही हीच आहे. बालकथांतल्या बकोर पटेलांसारखा कोटटोपीतला बोकड आणि त्यांच्या शकरी पटलाणी ज्या भाषेत आहेत, तिच्यातल्या मुलांनाही खेळायला परदेशी उंदीरच मिळतो.

बडोदेकरांना तर याची विशेष खंत वाटायला हवी. विनोदी कथांतले चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुण्याचे असले तरी त्यांचे जनक चिं. वि. जोशी आपल्या बडोद्याचे. बडोदे कॉलेजात ते पाली शिकवत आणि संस्थानच्या दफ्तरखान्याची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मोरू, मैना आणि राघू ही चिमणरावांची मुले कितीतरी मराठी घरांत सख्ख्या भावंडांसारखी ओळखीची होती. चिं. विं.चे निधन १९६३ मध्ये झाले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे लेखनहक्क वारसांकडे राहतो. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०२४ च्या आरंभापासून सर्वांसाठी खुले झाले आहे. साने गुरुजींचे निधन १९५० चे, त्यामुळे श्याम त्याहून आधी, २०११ पासून मोकळा आहे. फास्टर फेणेच्या बाबतीत मात्र तसे नाही. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, तेव्हा तेथे परवानगी घ्यावीच लागेल, आणि बकोर पटेलांचीही तीच गोष्ट आहे.

येथे डोरोथीचे बूट उपयोगी पडतात. मूळ पुस्तकावरचे हक्क संपले म्हणून चांदीचे बूट कोणीही घालावेत, पण लाल बूट ही चित्रपटाची निर्मिती आहे आणि तिचे हक्क वेगळे आहेत. विनी नावाच्या अस्वलाचेही असेच आहे. १९२६ च्या पुस्तकाचे अमेरिकेतले हक्क २०२२ मध्ये संपले, परंतु अस्वलाचे आजचे ओळखीचे लाल सदऱ्यातले रूप त्या पुस्तकाचे नाही. ते नंतरच्या परवानाधारकांनी आणि डिस्नेने दिले. चिमणरावांची बाहुली करताना हे भान ठेवावे लागेल. १९७० च्या दशकात दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी अशी काही उभी केली की आमच्या पिढीला चिमणरावांचा दुसरा चेहरा सुचतच नाही. तो चेहरा प्रभावळकरांचा आहे, तो त्यांच्या संमतीशिवाय घेता येणार नाही, आणि घेऊही नये. पुस्तकातल्या जुन्या चित्रांवर त्या त्या चित्रकाराचा हक्क असू शकतो, तेही तपासायला हवे. उरतो तो मूळ मजकूर. चिमणराव डोक्याला काय घालत, कोट कोणत्या तऱ्हेचा होता, गुंड्याभाऊंची अंगकाठी कोणकोणत्या शब्दांत सांगितली आहे, हे कथांतून वेचून काढले पाहिजे. एखाद्या मराठी शाळेच्या वरच्या वर्गाला हे काम दिले तर मुले त्या निमित्ताने चिं. वि. वाचतील, आणि प्रश्नपत्रिकेच्या धाकाने वाचतात त्याहून नक्कीच बारकाईने.

करणारे हातही लांब शोधायला नकोत. संखेडा येथून दीड तासावर आहे. तेथले खरादी कारागीर लाकूड खरादावर, म्हणजे फिरत्या यंत्रावर, धरून घडवतात, कथलाच्या वर्खापासून केलेल्या रंगाने त्यावर नक्षी काढतात आणि वरून लाखेचा थर देतात. त्या थराखालची रुपेरी नक्षी सोनेरी दिसू लागते. आपण संखेड्याचा झोपाळा आणि पाळणा ओळखतो, पण खरादावर गोल घडण सर्वांत सहज होते, आणि गुंड्याभाऊंसारख्या भरदार पात्राला गोल घडणीपेक्षा अनुकूल दुसरे काय असणार? सडपातळ चिमणराव घडवताना कस लागेल, कारण बारीक मान खरादावर मोडते. चेहऱ्याची रेखाटने आपल्या विद्यापीठाच्या ललित कला विभागातल्या विद्यार्थ्यांनी करावीत. हा विभाग १९५० पासून शहरात आहे आणि तेथली मुले हौसेने अशी कामे करतात, हा बडोदेकरांचा अनुभव आहे. लहान मुलांच्या हाती देण्याच्या बाहुलीचा रंग आणि लाख निर्धोक असल्याची तपासणी मात्र आधी करून घ्यावी. पहिली खेप संग्राहकांसाठी काढली तर किंमत थोडी जास्त ठेवता येईल, आणि आम्ही ती आनंदाने देऊ. सत्तर टक्के शुल्क भरून परदेशी अस्वल आणणाऱ्यांना तक्रार करण्याचा अधिकार नाही.

आणि या बाहुल्या राहाव्यात कुठे? माझ्या मते, मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात. दिल्लीला व्यंगचित्रकार शंकर यांनी एका हंगेरियन बाहुलीपासून सुरुवात करून १९६५ मध्ये बाहुली संग्रहालय उभे केले, आणि राजकोटलाही असे एक संग्रहालय आहे. परंतु तेथे मुख्यतः देशोदेशींच्या वेशभूषा पाहायला मिळतात. पात्रांच्या बाहुलीची जागा पुस्तकाशेजारी आहे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९८७ पासून त्या विनी अस्वलाच्या गोष्टीमागची खरी खेळणी, म्हणजे लेखकाच्या मुलाचे अस्वल, वाघ, गाढव, डुक्कर आणि कांगारू, काचेमागे ठेवली आहेत. कांगारूचे पिल्लू तेवढे १९३० च्या दशकात एका बागेत हरवले. झिजलेली, ठिगळे लावलेली ती खेळणी पाहायला मुले येतात आणि पुस्तक घेऊन जातात. आपले ग्रंथालय महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून उभारले, आणि मुलांसाठी पुस्तकांच्या जोडीला खेळांची सोयही त्या काळी तेथे केलेली होती. बालज्ञानमाला काढून मुलांची पुस्तके छापवून घेणाऱ्या राजाच्या ग्रंथालयात मोरू आणि मैना यांना एक फळी मिळायला हरकत नसावी.

व्यवहाराचे बोलायचे तर लागते थोडेच. काचेचे एक कपाट, तेही पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, कारण दुपारच्या उन्हाने कापडाचा रंग वर्षभरात उडतो. आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या. प्रत्येक बाहुलीशेजारी तिचे पुस्तक, आणि ते बंद काचेत न ठेवता बाहेरच्या फळीवर, हात लावता येईल असे. मुलांना फ्लॅशशिवाय फोटो काढू द्यावेत, आणि काच स्वच्छ पुसलेली असावी, नाहीतर फोटोत बाहुलीऐवजी फोटो काढणाऱ्याचीच सावली येते. चिमणरावांची बाहुली तयार होईपर्यंत कपाट रिकामे राहू नये म्हणून माझ्या संग्रहातल्या डोरोथी, पिवळ्या झग्याची ॲलिस आणि पॅडिंग्टन काही महिन्यांसाठी द्यायला मी तयार आहे. त्यांच्या मराठी, गुजराती आणि इंग्रजी आवृत्त्या मिळतील तेवढ्या ग्रंथालयानेच काढाव्यात.

आपल्या वाचकांपैकी कोणाकडे चिं. वि. जोशी यांच्या पुस्तकांच्या जुन्या सचित्र आवृत्त्या असतील, किंवा बडोद्यातल्या त्यांच्या वास्तव्यातली छायाचित्रे असतील, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क साधावा. चिमणरावांचा कोट गळाबंद होता की उघड्या गळ्याचा, यावर आमच्या घरातच सध्या दोन पक्ष पडले आहेत.

आपली विश्वासू,
बाहुल्यांची एक संग्राहक,
दांडिया बाजार, बडोदे